युद्धाची कादंबरी सहावी ते आठवीच्या मुलांना देताना

सांगली जिल्ह्यातल्या सेमी-इंग्रजी शाळेत सहावी ते आठवीला शिकवणाऱ्या एका तरुण शिक्षकांनी विचारलं आहे की, मुलं युद्धाचे सिनेमे बघतात, मोबाइलवर गोळीबाराचे गेम खेळतात, पण युद्धावरचं पुस्तक घरी नेलं की पालक म्हणतात, 'एवढ्या लहान पोरांना कशाला रडवता?' वर्गाच्या कपाटासाठी थोडे पैसे मिळालेत. त्यांच्या यादीत चार नावं आहेत: 'द बॉय इन द स्ट्राइप्ड पजामाज', अ‍ॅन फ्रँकची डायरी, सदाकोची गोष्ट आणि विश्वास पाटलांचं 'पानिपत'. यातलं काय द्यावं, कुठल्या इयत्तेला, आणि देताना काय काळजी घ्यावी?

सर, पालकांची काळजी मी समजू शकते, पण त्यांना भीती वाटते ती चुकीच्या गोष्टीची. बारा वर्षांचं मूल दुःख पेलतं. आजीचं जाणं, शेजारच्या घरातलं आजारपण, गावातला अपघात, हे त्याने जवळून पाहिलेलं असतं. गोष्टीतल्या मरणाने ते रडेल, दोन दिवस गप्प राहील आणि पुन्हा खेळायला जाईल. त्याला पेलत नाही ते खोटं. कारण ते खोटं आहे हे ओळखायला जी माहिती लागते ती त्याच्याकडे नसते, आणि पुढची कित्येक वर्षं त्या युद्धाचं तेवढंच चित्र त्याच्या डोक्यात राहतं. म्हणून युद्धाची कादंबरी निवडताना रक्त किती सांडलंय हे मी दुसऱ्यांदा बघते. आधी बघते की ती खरं बोलते का. पात्रं रचलेली असू देत, संवाद रचलेले असू देत. पण त्या साली, त्या जागी, त्या वयाच्या मुलाला जे करता आलं असतं तेवढंच ते मूल करतं का?

या कसोटीवर तुमच्या यादीतलं पहिलंच पुस्तक बसत नाही. जॉन बॉइन यांची ही कादंबरी २००६ साली आली, सिनेमाही निघाला आणि जगभर शाळांमधून ती वाचली गेली. छळछावणीच्या जर्मन कमांडंटचा नऊ वर्षांचा मुलगा कुंपणापलीकडच्या ज्यू मुलाशी मैत्री करतो, रोज जाऊन त्याच्याशी गप्पा मारतो, शेवटी कुंपणाखालून आत जातो आणि तिथेच मारला जातो. मुलांना ती आवडते, हुंदके देऊन रडतात. पण ऑश्विट्झला, म्हणजे ज्या छावणीवर ही गोष्ट बेतली आहे तिथे, त्या वयाच्या ज्यू मुलांपैकी बहुतेकांना गाडीतून उतरल्या उतरल्या गॅस चेंबरकडे नेलं जाई. कुंपणाच्या तारांत वीज होती आणि मनोऱ्यांवर पहारेकरी. जर्मनीत वाढलेला, बाप नाझी अधिकारी असलेला नऊ वर्षांचा मुलगा हिटलरचं नावसुद्धा धड जाणत नाही, हे तर अजिबात पटण्यासारखं नाही, कारण तेव्हाच्या शाळांत नाझी शिकवण दिली जाई आणि दहाव्या वर्षी मुलगा त्यांच्या बालसंघटनेत जाई. ऑश्विट्झच्या स्मारक-संग्रहालयाने २०२० साली उघड सांगितलं की, ज्यांना हा इतिहास शिकायचा वा शिकवायचा आहे त्यांनी हे पुस्तक टाळावं. मला सगळ्यात खटकतं ते असं की, शेवटी वाचकाचे अश्रू कमांडंटच्या घरासाठी वाहतात. सुमारे २ लाख ३२ हजार मुलं त्या छावणीत नेली गेली, त्यांच्यातलं एकही पुस्तक मिटल्यावर मनात उरत नाही. सर, हे नाव यादीतून काढा. वर्गातल्या कुणी ते आधीच वाचलं असेल तर त्याला गप्प करू नका. त्याच्याशी बसून यातलं काय घडू शकलं असतं आणि काय नाही हे बोला.

त्याच्या जागी लॉइस लॉरी यांचं 'नंबर द स्टार्स' घ्या. १९८९ सालचं पुस्तक, पुढच्या वर्षी त्याला न्यूबेरी पदक, म्हणजे अमेरिकेतला बालसाहित्याचा मोठा पुरस्कार, मिळालं. इंग्रजी सोपं आहे, पानं दीडशेच्या आसपास आणि सातवीचं मूल शब्दकोश बाजूला ठेवून ते वाचू शकतं. १९४३ सालचं कोपनहेगन. डेन्मार्क जर्मनांच्या ताब्यात जाऊन तीन वर्षं झालीत. अ‍ॅनमरी दहा वर्षांची आहे, तिची जिवलग मैत्रीण एलन ज्यू आहे. ज्यूंची धरपकड होणार अशी कुणकुण लागते आणि एलनचे आईवडील तिला अ‍ॅनमरीच्या घरी ठेवून लपतात.

यातला एक प्रसंग मी दरवर्षी वर्गात मोठ्याने वाचते. रात्री सैनिक दार ठोठावतात. दोघी मुली एका खोलीत झोपलेल्या. एलनच्या गळ्यात षट्कोनी ताऱ्याचं लॉकेट आहे आणि तिला घाईत त्याची कडी सापडत नाही. बूट खोलीपर्यंत येतात तेव्हा अ‍ॅनमरी साखळीला हिसका देऊन ती तोडते आणि लॉकेट मुठीत धरते. सैनिक एलनच्या काळ्या केसांवर बोट ठेवतो: बाकी घर सोनेरी केसांचं, मग ही कोण? अ‍ॅनमरीचे वडील अल्बममधून मोठ्या मुलीचा, लीसाचा, तान्हेपणीचा फोटो काढून दाखवतात. लीसा आता या जगात नाही, पण तान्ही असताना तिचेही केस काळे होते. सैनिक जातात. अ‍ॅनमरी मूठ उघडते तर तळव्यावर ताऱ्याचा ठसा उमटलेला.

इथे थांबा, सर. लगेच प्रश्न विचारू नका. मुलं आपोआप आपापली मूठ उघडून बघतात. मग कुणीतरी विचारतंच, 'बाई, हे खरं घडलं?' मला युद्धाच्या पुस्तकातून नेमकं हेच हवं असतं.

उत्तर असं की अ‍ॅनमरी रचलेली आहे, पण तिच्याभोवतीचं जवळपास सगळं घडलेलं आहे. धरपकडीची बातमी जॉर्ज डकविट्झ नावाच्या जर्मन अधिकाऱ्यानेच फोडली. कोपनहेगनच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, लोकांना सावध केलं गेलं, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी घरं, दवाखाने, चर्चं उघडी केली, आणि काही आठवड्यांत सात हजारांहून अधिक ज्यू मच्छीमारांच्या होड्यांतून समुद्र ओलांडून स्वीडनला पोचले. पावणेपाचशेच्या आसपास माणसं पकडली गेली. गोष्टीच्या शेवटी अ‍ॅनमरी जंगलातून धावत एक पुडकं मामाच्या होडीपर्यंत नेते आणि त्यात निघतो साधा हातरुमाल. मुलं हिरमुसतात. मग कळतं की त्या रुमालाला सशाचं वाळलेलं रक्त आणि कोकेन लावलेलं आहे. होड्यांत लपलेली माणसं शोधणारे जर्मनांचे कुत्रे रक्ताच्या वासाने ते हुंगत, आणि त्यांची वास घेण्याची शक्ती काही वेळापुरती जाई. पुस्तकातली ही सर्वांत अविश्वसनीय वाटणारी गोष्ट खरी आहे, तसे रुमाल वापरले गेले. लेखिकेने शेवटी छोटं टिपण जोडून खरं किती आणि कल्पित किती हे स्वतः सांगितलंय. पुस्तक विकत घेण्याआधी मी शेवटची पानं उघडते ती यासाठीच. असं टिपण ज्या पुस्तकात आहे, त्याच्या लेखकाने मुलांना मान दिलेला असतो. आणि जाता जाता: डेन्मार्कच्या राजाने ज्यूंच्या पाठिंब्यासाठी स्वतः पिवळा तारा लावला, अशी गोष्ट तुम्हाला ठिकठिकाणी भेटेल. ती दंतकथा आहे. डेन्मार्कमधल्या ज्यूंवर तारा लावण्याची सक्तीच झाली नव्हती. राजा रोज पहाऱ्याशिवाय घोड्यावरून शहरात फेरफटका मारायचा, हे मात्र खरं, आणि ते पुस्तकात आहे.

यावरून मी वर्गात एक साधी सवय लावली. वहीच्या पानावर मधोमध रेघ. डावीकडे 'घडलेलं', उजवीकडे 'रचलेलं', आणि जे कळत नाही ते खाली शाईऐवजी पेन्सिलीने. पुस्तक संपेपर्यंत पेन्सिलीतल्या ओळी एकेक करून कुठल्या तरी बाजूला जातात. इतिहासाच्या तासाला जी मुलं मागच्या बाकावर डुलक्या घेतात, तीच इथे 'बाई, हे डावीकडे गेलं पाहिजे' म्हणून भांडतात.

सदाकोची गोष्ट तुमच्या यादीत आहे ते छान झालं, कारण या रेघेसाठी तिच्याइतकं चांगलं उदाहरण नाही. ६ ऑगस्ट १९४५ ला हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा सदाको सासाकी दोन वर्षांची होती. दहा वर्षांनी तिला ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, झाला. हजार कागदी बगळे केले की इच्छा पूर्ण होते म्हणून ती दवाखान्यात बगळे घडवत राहिली आणि २५ ऑक्टोबर १९५५ ला बारा वर्षांची असताना गेली. एलिनॉर कोअर यांच्या १९७७ च्या पुस्तकात तिचे ६४४ बगळे होतात आणि उरलेले ३५६ वर्गमित्र पूर्ण करतात. प्रत्यक्षात तिने हजाराचा आकडा ओलांडला होता. तिच्या घरचे तसं सांगतात, हिरोशिमाचं संग्रहालयही तेच सांगतं. मुलांना आधी पुस्तक वाचू द्या, मग हे सांगा, आणि विचारा की लेखिकेने आकडा कमी का केला असेल. मला मिळालेली उत्तरं थक्क करणारी होती. एक मुलगी म्हणाली, मित्रांना काहीतरी करायला मिळावं म्हणून. एक मुलगा म्हणाला, हजार पूर्ण करूनही ती मेली हे जास्त वाईट आहे, ते लेखिकेला सांगवलं नसेल. दोघंही बरोबर आहेत असं मला वाटतं, आणि त्या मुलाचं म्हणणं ऐकल्यापासून मला खरी गोष्टच जास्त मोठी वाटते. हे पुस्तक सहावीला चालेल. जाड नाही, एका बैठकीत संपतं.

अ‍ॅन फ्रँकची डायरी आठवीसाठी ठेवा, आणि ती कादंबऱ्यांच्या फळीवर ठेवू नका. मुलं सगळ्या पुस्तकांना 'गोष्ट' म्हणतात. ही एका मुलीने स्वतः लिहिलेली रोजनिशी आहे हे वेगळेपण त्यांना ठळकपणे कळायला हवं. शिवाय डायरी १ ऑगस्ट १९४४ ला थांबते, तीन दिवसांनी सगळे पकडले जातात. पुढे बर्गेन-बेल्झनच्या छावणीत अ‍ॅनचा मृत्यू झाला, हे तिच्या शब्दांत असणं शक्यच नाही. ते तुम्हालाच सांगावं लागेल. त्यासाठी एक तास राखून ठेवा, शेवटच्या पाच मिनिटांत उरकू नका.

दुसरी गोष्ट मी बघते ती ही, की समोरच्या बाजूच्या निदान एका तरी माणसाला चेहरा आहे का. मायकेल मॉर्पर्गो यांचं 'वॉर हॉर्स' (१९८२) मला यासाठी फार आवडतं. पहिल्या महायुद्धात इंग्लंडहून फ्रान्सला नेलेला घोडाच गोष्ट सांगतो, आणि घोड्याला बाजू नसते. तो इंग्रजांकडे असतो, मग जर्मनांकडे जातो, मधे एका फ्रेंच आजोबा-नातीच्या घरी राहतो. दोन खंदकांमधल्या मोकळ्या जागेत तो तारांत अडकून जखमी होतो, तेव्हा एक वेल्श आणि एक जर्मन सैनिक पांढरी फडकी दाखवत पुढे येतात, तो कुणाचा हे नाणं उडवून ठरवतात, हात मिळवतात आणि आपापल्या खंदकात परत जातात. पुस्तकाची भीती वाटणाऱ्या मुलाला मी हेच देते, विशेषतः ज्याच्या घरी बैल किंवा म्हैस आहे त्याला. तो ते सोडत नाही.

याच लेखकाचं 'प्रायव्हेट पीसफुल' (२००३) मात्र आठवीच्या आधी नको. थॉमस आपल्या भावाबद्दल रात्रभर जागून आठवत राहतो, प्रत्येक प्रकरणावर घड्याळाची वेळ आहे, आणि सकाळी काय होणार हे वाचकाला हळूहळू उमगतं. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याने पळपुटेपणा, भित्रेपणा अशा आरोपांवरून आपल्याच ३०६ सैनिकांना गोळ्या घातल्या होत्या, त्यांना २००६ साली माफी देण्यात आली. शूरपणा म्हणजे काय यावर एवढं थेट बोलणारं दुसरं पुस्तक या वयाच्या मुलांसाठी मला माहीत नाही.

आता 'पानिपत'. विश्वास पाटलांची कादंबरी १९८८ ची, मराठी घरांत ती पिढ्यांनी वाचली आहे. पण ती मोठ्यांसाठी लिहिलेली आहे, आणि सातवीच्या मुलाला सबंध द्यायला मी तयार नाही. सातवीच्या इतिहासात पानिपत आहेच, तेव्हा निवडक पानं तुम्ही वाचून दाखवा आणि बाकी पुढे दहावीनंतरसाठी राहू द्या. गो. नी. दांडेकरांच्या शिवकालीन कादंबऱ्यांची भाषा गोड आहे आणि सह्याद्री त्यात जिवंत आहे, आठवीतला चांगला वाचक त्या झेपवतो. शिवकालाच्या गोष्टींनाही वहीतली रेघ लावाच. सिंहगडावर ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी पडले, हे डावीकडे. दोर बांधलेली घोरपड पोवाड्यातून आली, ती उजवीकडे. घोरपड उजवीकडे गेली म्हणून तानाजी तसूभरही लहान होत नाहीत. उलट अंधारात कडा हातांनी चढणारा मावळा मुलांना जास्त खरा दिसतो.

पण मराठीची खरी अडचण वेगळी आहे, आणि ती मला वर्षानुवर्षं टोचते. पानिपतानंतर दक्षिणेत आलेला तो सांकेतिक निरोप आठवा: दोन मोती गळाले, मोहरा हरवल्या, आणि खुर्दा किती गेला याची गणती नाही. भाऊसाहेब आणि विश्वासराव म्हणजे ते मोती. आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्या जवळजवळ सगळ्या मोत्यांच्या आणि मोहरांच्या आहेत. फौजेबरोबर गेलेली बाजारबुणगी, यात्रेकरू, बायका, घोड्यांना दाणा घालणारी पोरं, म्हणजे तो खुर्दा, त्यांच्यातल्या एखाद्या अकरा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांनी १४ जानेवारी १७६१ दाखवणारी, सहावी-सातवीच्या मुलाला वाचता येईल अशी कादंबरी मला अजून हवी आहे. वर मी जी पुस्तकं सांगितली ती सगळी खुर्द्याची आहेत, म्हणूनच ती मुलांची होतात. मुलांनाच हे लिहायला सांगा. 'तू पानिपतावर पाण्याची पखाल वाहणारा मुलगा आहेस' एवढी एक ओळ फळ्यावर लिहिली तर ज्यांना निबंध नकोसा वाटतो ती मुलंही दोन-दोन पानं लिहितात. मात्र लिहिण्याआधी त्यांना थोडं शोधायला लावा: जानेवारीत तिथे थंडी किती, छावणीत धान्य संपत आलं होतं ते का, पाणी कुठून यायचं. माहितीशिवाय लिहायला बसवलं तर सगळे तलवारी फिरवतात.

आपल्या भागातल्या शाळेला तर घराबाहेर पडायचीही गरज नाही. सातारा, सांगली, कोल्हापूरच्या कितीतरी घरांत पणजोबांचं एखादं पदक ट्रंकेत असतं. पहिल्या महायुद्धात तेरा लाखांच्या आसपास हिंदी माणसं सैन्यात होती. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुट-अल-अमारा इथे डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत जी फौज वेढ्यात अडकली ती सहावी म्हणजे पुणे डिव्हिजन होती आणि तिच्यात मराठा पलटणी होत्या. अन्न संपलं तेव्हा घोडे कापले गेले आणि कितीतरी हिंदी शिपायांनी धर्मापायी, समाजापायी ते मांस खायला नकार दिला, उपासमार सोसली. 'वॉर हॉर्स' वाचून झालेल्या वर्गाला हे सांगा आणि बघा काय चर्चा होते. दुसऱ्या महायुद्धात इटलीत १० जुलै १९४४ ला पडलेले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले नाईक यशवंत घाडगे आपल्या रायगड जिल्ह्यातले. यांच्यावर मुलांसाठीची कादंबरी नसली तरी परदेशी कादंबरीच्या शेजारी ही माणसं उभी करता येतात.

आणि वळिवडे. तुमची मुलं कपडे घ्यायला कोल्हापूरजवळच्या गांधीनगरच्या बाजारात जातच असतील. १९४३ ते १९४८ या काळात त्या जागी पोलिश निर्वासितांची छावणी होती, सुमारे पाच हजार माणसं, त्यांत बायका आणि मुलंच जास्त. रशियाने पूर्व पोलंड घेतल्यावर १९४०-४१ मध्ये या कुटुंबांना सायबेरियाकडे नेऊन टाकलं होतं. तिथून सुटून, कास्पियन समुद्र ओलांडून, इराणमार्गे ती इथवर आली. छावणीत त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, नाटकं व्हायची. पोलिश मंडळी गेल्यावर तिथेच फाळणीतले सिंधी निर्वासित येऊन राहिले आणि त्यातून आजची बाजारपेठ उभी राहिली. वॉर्सात आज कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. हे सांगून मग वॉर्सावरच्या दोन कादंबऱ्या द्या. इअन सेरेलियर यांची 'द सिल्व्हर सोर्ड' (१९५६), आईवडिलांपासून तुटलेली भावंडं उद्ध्वस्त वॉर्सातून स्वित्झर्लंडला कशी पोचतात त्याची. आणि ऊरी ऑर्लेव्ह यांची 'द आयलंड ऑन बर्ड स्ट्रीट', मूळ हिब्रू, १९८१ ची: अकरा वर्षांचा अ‍ॅलेक्स पडक्या इमारतीत, पांढऱ्या उंदराच्या सोबतीने, बापाची वाट बघत एकटा महिनोन्‌महिने राहतो. लेखक स्वतः लहानपणी वॉर्साच्या घेटोत, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीत, आणि पुढे बर्गेन-बेल्झनला होता, आणि ते पानापानावर जाणवतं, कारण अ‍ॅलेक्स आधी सतत एकच विचार करतो, की शिडी कुठे ठेवायची आणि खायचं काय. सातवीच्या दुसऱ्या सत्रात द्या.

पाचवी-सहावीच्या कोवळ्या वाचकांसाठी दोन पुस्तकांत लढाई जवळजवळ दिसतच नाही. एक 'तोत्तोचान', तेत्सुको कुरोयानागी यांची, मराठीत सहज मिळणारी. ती कादंबरी नसून आठवणी आहेत, तरी सुरुवात इथून करा. शाळेच्या गमतीजमतींतून युद्ध इतकं हळू आत येतं की मुलांना ते आधी कळतही नाही: कॅरॅमलचं यंत्र रिकामं होतं, वडील खाऊच्या बदल्यात व्हायोलिनवर युद्धगीतं वाजवायला नकार देतात, आणि १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात शाळाच जळते. दुसरं, ज्युडिथ कर यांचं 'व्हेन हिटलर स्टोल पिंक रॅबिट' (१९७१). १९३३ साली बर्लिन सोडताना नऊ वर्षांच्या अ‍ॅनाला एकच खेळणं नेता येतं आणि ती चुकीचं निवडते. आपल्याकडची बदलीच्या नोकरीवाल्यांची मुलं या पुस्तकाला चटकन जवळ करतात.

भारतातली इंग्रजी पुस्तकं हवी असतील तर पद्मा वेंकटरामन यांचं 'क्लायंबिंग द स्टेअर्स' आठवीच्या मुलींना जरूर द्या. १९४१ ची मुंबई आणि मद्रास, स्वातंत्र्याचं आंदोलन आणि महायुद्ध एकाच घरात, भाऊ ब्रिटिशांच्या सैन्यात भरती होतो आणि घर दुभंगतं. सिद्धार्थ सर्मा यांचं 'द ग्रासहॉपर्स रन' १९४४ च्या नागा टेकड्यांतलं, सूडाची गोष्ट आहे, हिंसा बरीच आहे. चांगलं पुस्तक आहे, पण तुम्ही आधी स्वतः वाचून मगच कुणाला ते ठरवा.

इंग्रजीची भीती बाळगू नका. मी इंग्रजी पान समोर धरून मराठीत सांगते, मधेच एखादी ओळ मूळ इंग्रजीत वाचते. पहिली दोन-तीन प्रकरणं अशी सांगून पुस्तक कपाटात ठेवलं की पुढचं काय झालं ते कळावं म्हणून मुलं अडखळत का होईना, स्वतः वाचतात. भिंतीवर जगाचा नकाशा हवाच. परीक्षण, तात्पर्य, स्वभावचित्र असलं काही लिहून घेऊ नका. जे मूल अर्ध्यात पुस्तक परत करेल त्याच्याकडून ते हसून घ्या आणि कारण विचारू नका. पुढच्या वर्षी तेच मूल ते मागायला येतं.

वर्गात फौजींची मुलं असतील, तुमच्या भागात असणारच. ज्याचे वडील सध्या सीमेवर आहेत त्याला सगळ्यांसमोर मरणाचा प्रसंग वाचायला उभं करू नका. आधी बाजूला घेऊन सांगा की या गोष्टीत एक बाप परत येत नाही, तुला ऐकायचं नसेल तर तेवढा वेळ ग्रंथालयात बस. बहुतेक मुलं बसून ऐकतात, पण ठरवण्याचा हक्क त्यांचा असू द्या.

पालकसभेत समजावत बसण्यापेक्षा 'नंबर द स्टार्स'मधला तो लॉकेटचा प्रसंग पालकांनाच वाचून दाखवा, मराठीत, पाच मिनिटं लागतात. आणि पैसे थोडे आहेत तर चाळीस पुस्तकांची एकेक प्रत घेऊ नका. 'तोत्तोचान'च्या पाच, 'नंबर द स्टार्स'च्या पाच, 'वॉर हॉर्स'च्या तीन, सदाकोच्या दोन. एकच पुस्तक पाच जणांनी एका आठवड्यात वाचलं की मधल्या सुट्टीत त्यांचं त्यांच्यात बोलणं सुरू होतं, आणि मग बाकीची पुस्तकं कुठली घ्यायची ते मुलंच येऊन सांगतात.